शिवकालीन फिरंग की गंजवलेली नवी तलवार? गंजाच्या आधी काय पाहायचं

तुमचं पत्र आणि चारही फोटो पाहिले. तुम्ही लिहिता की ओळखीतल्या एका विक्रेत्याने सरळ पात्याची तलवार दाखवली, ‘शिवकालीन फिरंग (परदेशी पात्याची तलवार) आहे, एका वाड्याच्या माळ्यावर सापडली’ असं सांगितलं आणि पावणेदोन लाख मागितले. पातं ३६ इंच, वजन १ किलो ७०० ग्रॅम. मुठीवर सोनेरी वेलबुट्टी, पात्यावर ‘श्री छत्रपती शिवाजी महाराज शके १५९६’ असा लेख. सगळीकडे गंज चढलाय, म्हणजे जुनी असणारच ना, असा तुमचा प्रश्न आहे.

गंजापासून सुरुवात केली तर विक्रेत्याला जिथे हवी आहे तिथेच आपली नजर अडकेल. नव्या तलवारीला जुनं करणारा माणूस सगळी मेहनत वरच्या थरावर घेतो, कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं. पात्याचा घाट, जाडी, तोल या गोष्टी मात्र घडवतानाच ठरतात. त्या बदलायच्या तर तलवार नव्यानेच घडवावी लागेल. तीस वर्षं जुनी शस्त्रं साफ करण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, त्यातून माझा क्रम असा बसलाय: आधी घाट, मग मूठ आणि पात्याची जोडणी, मग नक्षी आणि लेख. गंज शेवटी.

पहिलं हत्यार व्हर्नियर कॅलिपर. तीन-चारशे रुपयांचा साधा घ्या. पात्याच्या पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजा: मुठीच्या अगदी जवळ, बरोबर मध्यावर आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे. लढाईसाठी घडवलेलं पातं मुठीकडून टोकाकडे पातळ होत जातं. माझ्या हातून गेलेल्या फिरंगांमध्ये मुठीजवळ साधारण ५ ते ७ मिलिमीटर आणि टोकाजवळ २ ते ३ मिलिमीटर अशी जाडी सापडते, आणि मधला उतारही अगदी सारखा नसतो. हे कौशल्याचं आणि वेळखाऊ काम आहे. पण ते केल्याशिवाय तलवार हातात फिरत नाही, टोक जड होऊन मनगट थकतं. आजची शोभेची तलवार बाजारातल्या पत्र्याच्या किंवा पट्टीच्या तुकड्यातून कापतात. पट्टी ४ मिलिमीटरची असेल तर मुठीजवळ ४, मध्ये ४ आणि टोकाशीही ४. टोक नंतर बाजूने घासून निमुळतं केलेलं असतं, पण ते रुंदीत. जाडीत नाही. हा एकच फरक निम्म्याहून जास्त नकली तलवारी उघड्या पाडतो, आणि तुमच्या चार फोटोंपैकी एकातही पाठ दिसत नाही.

तुमच्या तलवारीचं १ किलो ७०० ग्रॅम वजन मला खटकतं. चांगल्या फिरंगा बहुतेक सव्वा किलोच्या आसपास भरतात. आपल्याकडे गडकोट दाखवताना ‘एवढी जड तलवार पेलायचे ते लोक!’ असं सांगायची सवय आहे, त्यामुळे वजन जास्त असलं की गिऱ्हाईकाला ते खरेपणाचं लक्षण वाटतं. लढणाऱ्या माणसाला हत्यार हलकं हवं असतं. दिवसभर घोड्यावरून वार करायचे तर पाव किलोही जास्तीचा नकोसा होतो. तलवार एका बोटावर आडवी तोलून पाहा. तोल मुठीपासून चार-पाच बोटं ते वीतभर अंतरात सापडायला हवा. हातभर पुढे गेला तर ती वस्तू भिंतीवर टांगायला केली आहे असंच मी धरतो. वजनदार खांडे (रुंद, सरळ पात्याच्या तलवारी) जुन्या काळीही होते, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नका. जाडी, वजन आणि तोल हे तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर मात्र ऐका.

मूठ हातात घेऊन बघा, हे तर सगळ्यात सोपं. जुन्या भारतीय तलवारींची पकड इतकी आखूड असते की आजच्या माणसाची चार बोटं कशीबशी मावतात. त्यावरून ‘त्या काळचे लोक लहानखुरे होते’ असा तर्क करतात, तो चुकीचा आहे. मूठ मुद्दाम घट्ट बसणारी केली जाई, म्हणजे हात हलत नाही आणि खेचून कापणारा वार नीट बसतो. नव्या प्रतिकृतींमध्ये ऐसपैस, आरामशीर पकड दिसते, कारण ती घेणारा माणूस दुकानात हात घालून बघतो.

आता फिरंग म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण विक्रेते या शब्दाचा फार गैरवापर करतात. नावातच आहे तसं हे फिरंग्यांकडून आलेलं पातं. पोर्तुगिजांच्या आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून जर्मनीतल्या झोलिंगेनची, स्पेनमधल्या टोलेडोची, इटलीतल्या जेनोआची पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत. इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवत. म्हणजे फिरंग मुळातच जोडकाम आहे. पातं एका मुलखाचं, मूठ दुसऱ्या मुलखाची. कधी कधी पात्याहून मूठ शंभर वर्षांनी लहान असते आणि तरी ती तलवार शंभर टक्के अस्सल असते. ‘मूठ नंतरची आहे’ असं कुणी सांगितलं की लगेच नकली म्हणून मोकळे होऊ नका.

पात्यावर युरोपीय ठसा आहे म्हणून हुरळूनही जाऊ नका. जेनोआच्या पात्यांवर कोयत्यासारख्या दोन कमानी, त्यांना दातांची किनार, असा शिक्का असे. तो शिक्का इतका प्रतिष्ठेचा झाला की युरोपातल्या इतर गावांनी आणि आपल्याकडच्या लोहारांनीही तो उचलला. ‘आंद्रेआ फेरारा’ या नामांकित इटालियन तलवारकाराच्या नावाचंही तेच झालं. त्यामुळे ठसा पातं कुठलं ते सांगेलच असं नाही. पण तो कसा मारलाय ते बघण्यासारखं असतं. जुना ठसा तापलेल्या पोलादावर छिन्नीने किंवा पंचाने मारलेला असतो, कडेला धातू किंचित दबलेला आणि सरकलेला दिसतो, आणि शिकलगाराने (शस्त्रं घासून धार लावणाऱ्याने) वर्षानुवर्षं घासल्यामुळे त्याच्या कडा बोथटलेल्या असतात. आजकाल आम्लाने किंवा लेझरने काढलेले ठसे येतात. भिंगाखाली त्यांचा तळ सपाट आणि खरखरीत दिसतो, आणि खोली सगळीकडे सारखी.

पात्यातल्या लांब पन्हळी ‘रक्त वाहून जाण्यासाठी’ असतात ही समजूत सोडून द्या. त्या वजन कमी करतात आणि पात्याचा ताठपणा राखतात. जुन्या पन्हळी टोकाकडे जाताना हळूहळू उथळ होत विरून जातात, दोन बाजूंच्या पन्हळी मापाने तंतोतंत जुळत नाहीत, कडा घासून मऊ झालेल्या असतात. यंत्रावर कापलेली पन्हळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रुंदीची आणि खोलीची असते आणि शेवटी गोल चमच्यासारखी एकदम थांबते. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती तशी थांबलेली मला वाटते, पण प्रकाश वरून पडल्यामुळे छातीठोक सांगत नाही.

पोलादाबद्दल थोडक्यात. हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये पोलाद बनवण्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर एकजिनसी, स्वस्त पोलाद जगभर पसरलं. त्याआधीचं भट्टीतलं लोखंड पूर्ण वितळत नसे, त्यात धातुमळी अडकून राही. घण मारून पातं लांबवलं की ती मळीही लांबते. म्हणून पुष्कळ जुन्या पात्यांवर भिंगातून लांबीच्या दिशेने बारीक काळसर रेषा, पापुद्रे, क्वचित केसासारखी भेग दिसते. नवखा माणूस त्याला दोष समजतो. मला ती दिसली की बरं वाटतं. दख्खनचं मुशीत वितळवलेलं जौहरदार (अंगच्या लहरींची नक्षी असलेलं) पोलाद ही वेगळी जात, त्यात मळी नसते. पण तुमची तलवार त्यातली नाही, म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात ठेवा की नागमोडी लाटांची ठळक चंदेरी नक्षी म्हणजे जुनं जौहर नव्हे. आज निकेलयुक्त पोलादाचे थर जोडून ती सर्रास काढली जाते.

मूठ आणि पातं जिथे भेटतात ती जागा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक, कारण तिथे हात पोचवणं कठीण असतं. साध्या कटोरीच्या (टोकाला गोल चकती असलेल्या) मुठीत पात्याची आखूड दांडी गरम लाख आणि राळेच्या मिश्रणात बसवत. ते मिश्रण जुनं झालं की ठिसूळ होतं, रंग तपकिरी-काळा, कडेला चिरा आणि धूळ. नव्या तलवारीत तिथे इपॉक्सी (आजचा रासायनिक गोंद) सापडतं, किंवा दांडी कटोरीतून आरपार काढून वर नट पिळलेला असतो. मध्यंतरी दुरुस्ती झालेल्या खऱ्या तलवारीतही इपॉक्सी असू शकतं, हे ध्यानात ठेवा. फिरंगेला आणि खांड्याला बहुधा मुठीतून पात्यावर उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्या असतात, रिवेट मारून बसवलेल्या. त्या पट्टीच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा, बॅटरीचा उजेड टाका. मूठ लोखंडाची आहे की पितळ ओतून वर रंग दिलाय ते लोहचुंबक सांगेल. चुंबकाचा उपयोग तेवढाच. पातं चिकटलं म्हणजे जुनं, असं काही नाही.

या पट्टीखालची जागा मला महागात पडून कळली. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी खांडा घेतला. रंग काळसर, खड्डे खोल, मुठीच्या सांदीकोपऱ्यात हळदकुंकवाचे थर. पाहताक्षणी जीव जडला, आणि त्या काळातली सहा महिन्यांची कमाई मी मोजली. एका पावसाळ्यात रिवेट ढिली झाली म्हणून पट्टी उचलली, तर खाली चकचकीत धातू आणि त्यावर ग्राइंडरच्या चाकाचे समांतर ओरखडे. तलवार जोडून झाल्यावर सबंध आम्लात बुडवलेली होती. आम्ल पट्टीखाली पोचलं नव्हतं. अस्सल तलवारीत नेमकं उलटं असतं. सांधीत ओल अडकते आणि तिथेच गंज जास्त खोल गेलेला सापडतो. मी वरचं सगळं तपासलं होतं, आतली एक जागा तपासली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून पट्टीखाली पाहिल्याशिवाय मी खांडा किंवा फिरंग विकत घेत नाही.

हळदकुंकवाचं सांगतो, कारण आपल्याकडे हा पुरावा फार लवकर मानला जातो. खंडेनवमीला पूजल्या जाणाऱ्या घरच्या शस्त्रांवर पिढ्यान्‌पिढ्यांचं हळदकुंकू, तेल आणि धूर बसून थर चढतो. तो खरा असेल तर नखाने सहज निघत नाही. सुईने कोपरा उचलला तर पापुद्र्यात काळे, तपकिरी, लाल असे थर दिसतात. बाजारू थर एकाच भडक रंगाचा आणि एका पट्ट्यात लावलेला असतो. पूजेत हात कुठे पोचतो याचाही विचार करा. बोट मुठीला, परजेला (हात झाकणाऱ्या भागाला), पात्याच्या बुडाशी लागतं. कटोरीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत कुंकू भरलेलं असेल तर ते पूजेतलं नाही.

सोन्याच्या कामावर बरेच जण फसतात. कोफ्तगिरीत लोखंडावर आधी बारीक उभ्या-आडव्या रेघा पाडतात, त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात आणि अकीकाच्या दगडाने घोटतात. जिथे सोनं झिजून गेलंय तिथे भिंगातून ती जाळी उघडी दिसली पाहिजे. खाली गुळगुळीत लोखंड असेल तर तो मुलामा किंवा रंग. पण जाळी दिसली म्हणजे तलवार जुनी, हाही निष्कर्ष घाईचा. उदयपुरात ही कला आजही जिवंत आहे आणि तिथले कारागीर उत्तम कोफ्तगिरी करतात. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. उदयपूर काय किंवा देहरादून काय, नवी तलवार नवी म्हणून विकणाऱ्याचा काही दोष नाही. दोष आहे तो मधे ती विकत घेऊन आम्लात बुडवणाऱ्याचा. म्हणून इथे झीज वाचायला शिका. तळहात लागतो, बोटं टेकतात, म्यानाचं तोंड घासतं, तिथलं सोनं आधी जाणार. कटोरीच्या खालच्या बाजूचं सोनं बरेचदा टिकतं. तुमच्या फोटोत मात्र पकडीचं सोनं शाबूत आणि कुणाचा हात न लागणाऱ्या सांदीतलं उडालेलं दिसतंय. झीज वायरब्रशने केली की असं होतं.

आता तुमच्या तलवारीवरचा लेख. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. शके १५९६ हे राज्याभिषेकाचं वर्ष बरोबर आहे, म्हणजे करणाऱ्याने अभ्यास केलाय. पण अक्षरं छापखान्यातल्या टाइपासारखी आहेत, सगळ्यांची उंची एक, शिरोरेघ फूटपट्टीने मारल्यासारखी. महाराजांची शिवराई पाहिली असेल तर आठवा: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पति ऱ्हस्व आहे. तुमच्या लेखात ‘छत्रपती’ दीर्घ आहे. शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी पक्का केला. जुन्या काळी ऱ्हस्व-दीर्घाची शिस्त नव्हती, तेव्हा नुसत्या वेलांटीवर मी तलवार नाकारणार नाही. पण नावाची सगळी घडणच आजच्या फलकावरची आहे.

खरा लेख कसा असतो याचं ताजं उदाहरण आपल्या समोर आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेऊन परत आणली. सरळ युरोपीय पातं, मुठीवर सोन्याचं काम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. तिथे नाव आहे, त्या माणसाचा हुद्दा आहे आणि वस्तूची जात आहे. मालकीची नोंद म्हणून लिहिलंय, वाचणाऱ्याच्या अंगावर शहारा यावा म्हणून नाही. राजस्थानातल्या बिकानेरच्या शस्त्रागारातली शस्त्रं पाहा. १६८९ च्या, दख्खनेतल्या अदोनी किल्ल्याच्या लुटीत आलेल्या कित्येक हत्यारांवर पंचाने ठिपके मारून नोंदी केल्या आहेत. कोठाराची नोंद अशी रुक्षच असते, क्रमांक, कुठून आलं, कुणाकडचं. नकली करणारा थोर नाव कोरतो, कारण किंमत नावाला मिळते. (बिकानेरच्या ठिपक्यांचीही हल्ली नक्कल होते. खरे ठिपके गंजाच्या खाली असतात, नकली ठिपके गंज फोडून मारलेले.)

राहिला गंज. बोट फिरवल्यावर नारिंगी भुकटी लागली तर तो काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. जुना गंज गडद तपकिरी ते काळा, धातूला घट्ट धरलेला, हाताला जवळजवळ गुळगुळीत. आम्लाने पाडलेले खड्डे एकसारखे, उथळ आणि सगळ्या पात्यावर संत्र्याच्या सालीसारखे पसरतात. खरे खड्डे कुठे दाट तर कुठे अजिबात नाहीत: मुठीजवळ, म्यानात ओल साठायची तिथे, कुणाचा घामट हात लागायचा तिथे. आम्ल नीट धुतलं नसेल तर पावसाळ्यात पात्यावर पिवळसर थेंब फुटतात. पण जमिनीत पुरून राहिलेलं खरं हत्यारही क्षारांमुळे असंच ‘रडतं’, म्हणून या खुणेला मी आधाराचा पुरावा मानतो, निकालाचा नाही.

आणखी एक वर्ग आहे. दिल्ली दरबारच्या काळात, १९०३ आणि १९११ च्या आसपास, साहेबांना भेट द्यायला आणि पाहुण्यांना विकायला म्हणून पुष्कळ तलवारी झाल्या. त्यांना आज शंभर वर्षं उलटून गेली, गंज खरा, झीज खरी, पण त्यांनी लढाई पाहिलेली नाही. अशी वस्तू जुनी म्हणून घ्यायला हरकत नाही, फक्त शिवकालीन म्हणून पैसे मोजू नका.

तुमच्या तलवारीबद्दल माझं आजचं मत असं: फोटोंवरून ती नवी वाटते. लेख, उलटी झीज, पन्हळीचा शेवट आणि वजन, चारही गोष्टी एकाच बाजूला जातात. तरी विसार देऊ नका आणि नाकारूही नका. तीन ठिकाणची जाडी, तोलाचं अंतर, पट्टीच्या कडेखालचा जवळून काढलेला फोटो आणि लेखाचा तिरक्या उजेडातला फोटो एवढं पाठवा. विक्रेता मोजू देत नसेल तर तिथूनच परत या. त्याआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एकेक दिवस घालवा. काचेतून जाडी मोजता येत नाही, पण पाठीच्या बाजूने उभं राहिलं की उतार डोळ्याला दिसतो आणि एकदा दिसला की विसरत नाही.

व्यवहार झालाच तर कायद्याची बाजू सांभाळा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ‘शिवकालीन’ म्हणून विकणाऱ्याकडे परवाना आणि पक्कं बिल मागा. बिलावर वस्तूचा काळ लिहून द्यायला जो कचरतो, त्याला उत्तर माहीत असतं. शिवाय ९ इंचांहून लांब पातं शस्त्र नियमांत मोडतं, तेव्हा तुमच्या पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.

आणि तोपर्यंत, तलवार तुमच्या घरी पाहायला म्हणून ठेवली असेल, तर चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, ब्रासो यातलं काही लावू नका. उघड्या हाताने पातं धरू नका, म्यानात कोंबून ठेवू नका. मऊ सुती कापडावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेऊन हलक्या हाताने पुसा, कोरड्या कापडात सैल गुंडाळा आणि आडवी ठेवा. माझा अंदाज चुकला आणि ती खरी निघाली, तर तिच्यावरचा तो काळा थर पुन्हा आणता येणार नाही.